नव्या मसल कार: उद्याच्या संग्राह्य गाड्या की नुसत्या झाकून ठेवलेल्या?

वुडवर्डकर

शेवरोलेची कॅमॅरो आणि डॉजची चॅलेंजर, दोन्हींचं उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये थांबलं. तेव्हापासून आमच्या डेट्रॉईटकडच्या गाडीवेड्या मराठी मंडळींत एकच विषय चालू आहे. शेवटच्या वर्षाची गाडी घेऊन गॅरेजात झाकून ठेवली, तर तीस वर्षांनी तिला १९७० च्या गाडीसारखा भाव येईल का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक गाड्यांना येणार नाही. ज्या थोड्यांना येईल, त्या आज सगळे जपून ठेवताहेत त्या नसतील.

जुन्या गाड्या दुर्मीळ कशा झाल्या ते आधी बघू. १९६४ ला पॉन्टियाक जीटीओ आली. मधल्या आकाराच्या साध्या गाडीत मोठं व्ही-८ इंजिन, आणि किंमत तरुण नोकरदाराला झेपेल अशी. हीच मसल कार. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्डची मस्टँग आली आणि पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांवर खपली. १९६७ ची कॅमॅरो, १९७० ची चॅलेंजर मागोमाग आल्या. (काटेकोर बघितलं तर या तिन्ही पोनी कार, म्हणजे आकाराने आणखी लहान, पण इथे सगळ्यांना मसल कारच म्हणू.) मग १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा आला, विमा कंपन्यांनी हप्ते चढवले, १९७३ ला तेलसंकट आलं आणि १९७४ ला चॅलेंजर बंदही पडली. सगळा खेळ दहा वर्षांचा.

आता १९६९ ची कॅमॅरो झेडएल-१ घ्या. अख्खं अ‍ॅल्युमिनियमचं ४२७ घनइंची इंजिन. एकूण ६९ गाड्या बनल्या. पण कंपनीने ‘फक्त ६९’ असं ठरवलं नव्हतं. इलिनॉयमधल्या फ्रेड गिब या डीलरने ५० गाड्यांची ऑर्डर दिली होती. नुसत्या इंजिनाचेच चार हजार डॉलरच्या वर लागले आणि गाडी सात हजारांच्या पुढे गेली. एवढ्याला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून त्यातल्या बऱ्याच गाड्या शेवरोलेला परत पाठवाव्या लागल्या. प्लिमथ सुपरबर्डचं तेच. ते लांब नाक आणि शेपटीवरचा उंच पंख लोकांना विचित्र वाटायचा. गाड्या शोरूमबाहेर पडून राहिल्या. काही डीलरांनी नाक आणि पंख काढून त्या साध्या रोडरनर म्हणून विकल्या. १९७१ ची प्लिमथची हेमी कुडा कन्व्हर्टिबल (हेमी म्हणजे क्रायस्लरचं ताकदवान व्ही-८ इंजिन) जेमतेम डझनभर बनली, कारण तिचं इंजिन महाग आणि विमा त्याहून महाग. २०१४ मध्ये सिअ‍ॅटलच्या लिलावात त्यातली एक ३५ लाख डॉलरला गेली.

म्हणजे आज ज्यांच्यासाठी कोट्यवधी मोजले जातात, त्या बहुतेक त्या काळी कोणालाच नको होत्या. ज्यांनी घेतल्या त्यांनी हाणल्या, ठोकल्या, मीठ टाकलेल्या रस्त्यांवर पत्रा गंजवला, शेवटी भंगारात दिल्या. उरल्या त्या मोजक्या.

नव्या अवतारांचं बरोबर उलटं झालं. २००५ च्या मस्टँगने जुना चेहरा परत आणला, २००८ ला चॅलेंजर आणि २००९ ला कॅमॅरो परतली. चॅलेंजरच्या ताकदवान एसआरटी-८ आवृत्तीच्या पहिल्या वर्षात अमेरिकेसाठी ६,४०० गाड्या, प्रत्येकीवर क्रमांकाची पट्टी. पहिली गाडी स्कॉट्सडेलच्या लिलावात धर्मादाय कामासाठी चार लाख डॉलरला गेली. डीलर स्टिकरच्या, म्हणजे छापील किमतीच्या, वर ‘ऑन’ मागत होते. तेव्हा सुमारे ४० हजार डॉलरची असलेली ही गाडी आज चांगल्या, वापरलेल्या अवस्थेत मूळ किमतीच्या बऱ्याच खाली मिळते. महागाई धरली तर तोटा आणखी मोठा.

विरोधी मतं जास्त वाचायला आवडतील.

चाकणवाला

विषय जिव्हाळ्याचा. इकडचं एक उदाहरण देतो. २०२० मध्ये नवी थार आली, तेव्हा तिची पहिली गाडी लिलावात एक कोटी अकरा लाखांना गेली. पैसे मदतकार्याला दिले गेले, छानच झालं. पण त्या आकड्यामुळे बाकीच्या थार संग्राह्य होत नाहीत. नाशिकहून त्या रोज भराभर बाहेर पडताहेत आणि लोक त्या आनंदाने चालवताहेत. पहिल्या चॅलेंजरचे चार लाख डॉलर त्याच जातीचे वाटतात. ती किंमत त्या दिवसाची, त्या कारणाची. बाकी ६,३९९ गाड्यांना ती लावता येत नाही.

अनघा_ऑस्टिन

वुडवर्डकर, मुद्देसूद लिहिलंय, पण मला पटलेलं नाही.

पहिली गोष्ट, दुर्मीळ असणं आणि हवीहवीशी असणं यांत फरक आहे. १९६५ ची साधी मस्टँग लाखोंनी बनली, तरी आज चांगली कन्व्हर्टिबल दिसली की लोक थांबतात, पैसे देतात. म्हणजे आकडा हे एकच मोजमाप नाही. माणूस आपल्या तरुणपणातली गाडी शोधतो. १९७० ला जो सोळा वर्षांचा होता आणि ज्याला चॅलेंजर परवडत नव्हती, त्यानेच पन्नाशीत हातात पैसा आल्यावर तिचा भाव चढवला. मग २००८ ला जो सोळा वर्षांचा होता त्याचं काय? माझ्या दोन्ही भाच्यांच्या खोलीत हेलकॅटची, म्हणजे चॅलेंजरच्या सुपरचार्जरवाल्या आवृत्तीची, पोस्टर होती. ७०७ अश्वशक्तीची गाडी वॉरंटीसकट शोरूममध्ये मिळते, हे त्यांना २०१५ ला जादूसारखं वाटलं होतं. ही मुलं पंचेचाळीसची झाली की काय शोधतील?

दुसरी गोष्ट, हा शेवट खरा आहे. २०२४ ला डॉजची नवी चार्जर गाडी आली ती विजेची. व्ही-८, मॅन्युअल गिअर, मागची चाकं ओढताहेत, ही जुळणी पुन्हा होणं कठीण. १९७४ ला जसा एक काळ संपला तसाच २०२३ ला संपला.

वुडवर्डकर

अनघाताई, पिढीच्या आठवणींचा मुद्दा मला मान्य आहे. पण ‘शेवटची’ या शब्दावर पैसे लावू नयेत असं मी कळकळीने सांगेन. याला इतिहास आहे.

१९७६ ला कॅडिलॅकने एल्डोराडो कन्व्हर्टिबल ‘अमेरिकेतली शेवटची उघडी गाडी’ म्हणून विकली. १४ हजार बनल्या. शेवटच्या २०० एकसारख्या पांढऱ्या. लोकांनी गुंतवणूक म्हणून घेतल्या, कापड घालून ठेवल्या. १९८४ ला कॅडिलॅकने पुन्हा कन्व्हर्टिबल आणली आणि चिडलेले मालक कोर्टात गेले.

१९७८ ची इंडी पेस कार कॉर्व्हेट, म्हणजे इंडी ५०० शर्यतीत सगळ्यांच्या पुढे धावणाऱ्या गाडीची विक्रीची आवृत्ती, तर याहून बोलकी. काळा-रुपेरी रंग, आधी थोड्याच बनवायचा बेत होता, मग प्रत्येक डीलरला एक तरी हवी म्हणून ६,५०२ बनल्या. स्टिकरवर तेरा हजार सहाशेच्या आसपास, आणि लोक दुपटीने मोजायला तयार. हजारो जणांनी एकच विचार केला: चालवायची नाही, ठेवायची. आज जवळजवळ न चाललेल्या पेस कार सहज मिळतात आणि महागाईचा हिशोब घातला तर मूळ मालकाच्या हाती काही लागत नाही. सगळेच जपतात ती वस्तू दुर्मीळ होत नाही. दिवाळी अंकाच्या जुन्या प्रती मोलाच्या ठरतात त्या घरोघरी रद्दीत गेल्या म्हणून.

अगदी अलीकडचंही आहे. २०२१ ची डॉजची डुरँगो हेलकॅट एसयूव्ही ‘एकाच वर्षासाठी’ म्हणून विकली, २०२३ ला ती परत आली, आणि इथेही मालकांनी दावा लावला. हेमी गेलं गेलं म्हणता म्हणता २०२५ मध्ये रॅमच्या ट्रकमध्ये परत आलं. आणि मस्टँगमध्ये तर पाच लिटरचं व्ही-८ मॅन्युअल गिअरसकट आजही नवं मिळतं. १९७४ ला लोकांना खरंच वाटलं होतं की हे संपलं, म्हणून कोणी काही राखून ठेवलं नाही. आज प्रत्येकाला शेवट आधीच सांगितलेला आहे. हा फरक मोठा आहे.

सावली

वाचतेय. सुपरबर्डचे पंख काढून विकल्याचं माहीत नव्हतं.

शारजाचा_मिस्त्री

नमस्कार मंडळी. मूळचा इचलकरंजीचा, गेली बरीच वर्षं इकडे आखातात गॅरेजमध्ये काम करतो. इकडे चॅलेंजर, कॅमॅरो, मस्टँग रस्त्यावर भरपूर दिसतात, त्यामुळे हाताखालून पुष्कळ गेल्या. भावाचं मला कळत नाही. गाडी तीस वर्षं कशी टिकेल ते सांगू शकतो.

१९७० ची गाडी म्हणजे कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, तारांचा एक झुबका. सगळं डोळ्यांनी दिसतं. एखादा भाग मिळाला नाही तर लेथवर बनवता येतो. पत्र्याची अख्खी बॉडी आज नवी छापून मिळते. नव्या गाडीत इंजिनाचा वेगळा कॉम्प्युटर, गिअरबॉक्सचा वेगळा, ब्रेकचा वेगळा, एअरबॅगचा वेगळा, आणि ते सगळे एकमेकांशी बोलतात. एक गप्प बसला तर गाडी हलत नाही. किल्लीतली चिप, डॅशबोर्डचा स्क्रीन, सस्पेन्शनचे विजेवर घट्ट-सैल होणारे डँपर. हे भाग कंपनी काही वर्षं देते, मग बंद करते. दुसऱ्या गाडीतून काढून लावायचा तर तो पुन्हा प्रोग्रॅम करावा लागतो.

आणि उभी ठेवलेली गाडी नवी राहते हा मोठा गैरसमज आहे. रबराचे सील सुकतात. टायर एका जागी चपटे पडतात. पेट्रोल जुनं होऊन इंजेक्टरमध्ये चिकट थर धरतं. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं. बॅटरी पूर्ण उतरली की काही गाड्यांत कॉम्प्युटर वेड्यासारखे संदेश द्यायला लागतात. अशा झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा दर आठवड्याला गरम होईपर्यंत फिरवलेली गाडी मी डोळे झाकून घेईन.

जुन्या इंजिनात शिरून काम करणारे हात आहेत, पुढेही तयार होतील. नव्याच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरणारे कोण असतील ते बघायचं.

अनघा_ऑस्टिन

मिस्त्रीदादा, फार उपयोगाचं लिहिलंत. पण याच इलेक्ट्रॉनिक्सची दुसरी बाजूही आहे. जुन्या बाजारात खोट्या गाड्यांचा सुळसुळाट आहे. साधी ३१८ इंजिनाची चॅलेंजर घ्यायची, हेमी बसवायचं, फेंडरवरची पट्टी नवी ठोकायची, झाली लाख डॉलरची गाडी. म्हणून तर इंजिनावरचा क्रमांक चासीशी जुळतो का, सीटखाली कारखान्याचा मूळ कागद सापडतो का, यासाठी लोक जीव टाकतात. नव्या गाडीत ही फसवणूक अवघड. कोणत्या रंगात, कोणत्या पर्यायांसह बाहेर पडली याची नोंद कंपनीकडे पक्की आहे. पन्नास वर्षांनी घेणाऱ्याला ही खात्री मोलाची वाटेल.

आणि नवा अवतार संग्राह्य होतच नाही म्हणता, तर २००५-०६ ची फोर्ड जीटी सांगा. ल मान्सची चोवीस तासांची शर्यत १९६६ ते १९६९ सलग चार वर्षं जिंकलेल्या जीटी-४० चा हा नवा अवतार. ४,०३८ बनल्या. नवी असताना दीड लाख डॉलरच्या आसपास, आज तीन लाखांच्या कितीतरी वर. हे कसं झालं?

राजस_कोथरूड

अनघाताई, जीटी ही मसल कार नव्हे. इंजिन मधोमध, बैठक दोघांची, किंमत तेव्हाच्या मस्टँगच्या कितीतरी पट. तुलना चुकते.

माझा प्रश्न भारतातला आहे. २०१६ ला फोर्डने मस्टँग जीटी अधिकृतपणे आणली, ६५ लाख एक्स-शोरूम, पाच लिटर व्ही-८, उजव्या हाताचं स्टिअरिंग. पुढे फोर्डने इथलं उत्पादनच बंद केलं. मोजक्या गाड्या आल्या. त्यांचं काय होईल असं वाटतं? एकजण विकतोय, मन ओढ घेतंय.

वुडवर्डकर

राजस, जीटीबद्दल तुझ्याशी सहमत, तरी अनघाताईंचं उदाहरण सोडून देण्यासारखं नाही, कारण त्यात उत्तर आहे. ती गाडी दोनच मॉडेलवर्षं बनली, फक्त मॅन्युअलमध्ये आली, आणि चालवणाऱ्याला सावरणारी इलेक्ट्रॉनिक्स तिच्यात जवळजवळ नव्हती. ती एका खऱ्या कामाच्या गाडीची आठवण घेऊन आली आणि स्वतःही त्याच वळणाची होती. स्टिकर आणि पट्ट्यांची मर्यादित आवृत्ती नव्हती.

हेच माप मी मसल कारना लावतो. माझ्या दृष्टीने खरी जपण्यासारखी गाडी म्हणजे २०१४-१५ ची कॅमॅरो झेड/२८. मूळ झेड/२८ ही १९६७ ची, ट्रान्स-अ‍ॅम शर्यतीच्या नियमात बसावी म्हणून ३०२ घनइंची इंजिन घालून केलेली. कंपनीने तिची फार जाहिरातही केली नाही. पहिल्या वर्षी ६०२ गेल्या. नवीनेही तोच रस्ता धरला. सात लिटरचं सुपरचार्जर नसलेलं इंजिन, ५०५ अश्वशक्ती, वजन कमी करायचं म्हणून एसी पर्यायात, आणि स्पीकर एकच, तोही सीटबेल्टची घंटा वाजवायला. किंमत पंच्याहत्तर हजार डॉलरच्या घरात. गिऱ्हाईकाने विचारलं, कॅमॅरोला एवढे? तेवढ्याच पैशांत कॉर्व्हेट मिळते. गाड्या सवलतीत विकाव्या लागल्या. ज्यांनी घेतल्या त्यांतल्या बऱ्याच जणांनी ट्रॅकवर झिजवल्या. झेडएल-१ चीच गोष्ट पुन्हा घडतेय, आणि मला त्यात फार आनंद वाटतो.

दुसरी मस्टँग शेल्बी जीटी-३५० आर. सपाट क्रँकचं (आतल्या क्रँकशाफ्टची शर्यतीच्या गाड्यांसारखी रचना) ५.२ लिटर इंजिन ८,२५० आरपीएमपर्यंत फिरतं. अमेरिकन व्ही-८ सहसा असा आवाज काढत नाही. कार्बन फायबरची चाकं कारखान्यातूनच. असं इंजिन फोर्डने मस्टँगमध्ये आधी दिलं नव्हतं, नंतरही दिलेलं नाही.

तिसरं नाव ऐकून काही जण नाराज होतील. २००४ ते २००६ ची पॉन्टियाक जीटीओ. ऑस्ट्रेलियातली होल्डन मोनारो, नाव बदलून आणलेली. चेहरा सौम्य, लोक म्हणाले ही जीटीओ दिसतच नाही. तीन वर्षांत चाळीस हजारांच्या आसपास गेल्या आणि बंद पडली. पुढे पॉन्टियाक नावच संपलं. तिला फार मोठा भाव येईल असं मी म्हणत नाही. पण स्वस्तात गेल्या, तरुणांनी चोपल्या, नीट राहिलेल्या दरवर्षी कमी होताहेत. जिने जुना मुखवटा घातला नाही तीच कदाचित स्वतःच्या नावाने ओळखली जाईल.

तुझ्या मस्टँगबद्दल: भारतात व्ही-८ मस्टँगचा चाहता असेल, पण जगाच्या बाजारात ती उजव्या हाताची साधी जीटी आहे, आणि तशा इंग्लंड-ऑस्ट्रेलियात पुष्कळ आहेत. वाढेल म्हणून घेऊ नकोस. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर तो आवाज ऐकायचा असेल तर जरूर घे. सुट्या भागांसाठी ओळख आधी कर.

मोपारवेडा

झेड/२८ चं कौतुक ठीक, पण चॅलेंजरच्या डीमन आवृत्तीला विसरून कसं चालेल? २०१८ ची डीमन: शर्यतीच्या इंधनावर ८४० अश्वशक्ती, पाव मैल ९.६५ सेकंदांत, म्हणजे ड्रॅग रेसिंग संघटनेच्या नियमांत रोल केजशिवाय (चालवणाऱ्याला वाचवणाऱ्या लोखंडी सांगाड्याशिवाय) बसेना इतकी वेगवान. ३,३०० बनल्या. शेजारची सीट आणि मागची सीट हवी तर प्रत्येकी एक डॉलर द्यायचा. २०२३ ची डीमन १७० तर १,०२५ अश्वशक्तीची, पाव मैल ८.९१ सेकंद, पुन्हा ३,३०० च ठरवलेल्या. कारखान्यातून निघालेली, नंबरप्लेट लावून रस्त्यावर चालणारी अशी गाडी आधी कधी झाली नव्हती. ही नुसती स्टिकरची आवृत्ती नाही. वुडवर्डकरांच्याच मापाने ही बसते.

वुडवर्डकर

मोपारवेडा, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. डीमन यंत्र म्हणून अस्सल आहे, एका कामासाठी बनवलेलं आहे. त्या बाबतीत ती हेमी कुडाच्या पंक्तीला बसते. तिचा भाव टिकेल असंच मला वाटतं.

अडचण दुसरी आहे. त्या ३,३०० मधल्या कितीतरी गाड्यांच्या सीटवरचं प्लॅस्टिकही निघालेलं नाही. ज्या कामासाठी ती बनली ते काम तिने केलंच नाही. १९७० च्या गाडीला जी किंमत येते त्यात तिने मारलेल्या पाव मैलांचा, शनिवारी रात्री डेट्रॉईटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर सिग्नलपासून सिग्नलपर्यंत लागलेल्या शर्यतींचा वाटा आहे. दर ऑगस्टमध्ये तिथे ड्रीम क्रूझ भरते, हजारो गाड्या येतात. रंग उडालेल्या, मूळ मालकाच्या रोडरनरभोवती गर्दी जमते. ट्रेलरवरून उतरवलेल्या कोऱ्या गाडीला लोक एक फोटो काढून पुढे जातात. हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

ज्या थोड्या डीमन ड्रॅगस्ट्रिपवर नेल्या गेल्या, ज्यांच्या वेळेच्या चिठ्ठ्या मालकाने जपल्या आहेत, त्या पुढे जास्त मोलाच्या ठरतील असा माझा अंदाज आहे. आज बाजार नेमकं उलटं सांगतो, कमी मैल म्हणजे जास्त पैसे. तरी मी माझ्या मतावर आहे.

अनघा_ऑस्टिन

हे मात्र मनापासून पटलं. आमच्याकडे यांची २०१३ ची मस्टँग बॉस ३०२ आहे. यांचा आग्रह झाकून ठेवायचा, माझा चालवायचा. मूळ १९६९ ची बॉस ट्रान्स-अ‍ॅमसाठी बनली होती, आणि आमच्या गाडीसाठी ट्रॅकची लाल किल्लीही घेता यायची, ती लावली की इंजिनाचा स्वभावच बदलतो. ती किल्ली आमच्याकडे कपाटात पडून आहे. हा धागा मी घरी मोठ्याने वाचून दाखवलाय. ऑस्टिनजवळच ट्रॅक आहे.

मिस्त्रीदादा, खूप महिने उभ्या असलेल्या गाडीला ट्रॅकवर नेण्याआधी काय काय बघायचं?

शारजाचा_मिस्त्री

ताई, आधी टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड बघा, पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. सहा वर्षांच्या वर असतील तर नक्षी कितीही नवी दिसो, ट्रॅकवर नेऊ नका. ब्रेक फ्लुइड पूर्ण बदला, जास्त तापमान सोसणारं घाला. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून ताजं भरा. कूलंटचे पाइप हाताने दाबून बघा, कडक लागले तर बदला. क्लचचं फ्लुइड याच गाडीत ब्रेकच्याच टाकीतून येतं, तेही सोबत होऊन जाईल. मग आठवडाभर साध्या रस्त्यावर चालवा, खाली कुठे तेलाचा डाग पडतो का बघा. डाग नसेल तर लाल किल्ली काढा.